दादा, माझं मेमरी कार्ड वडगावला गेलं

तळेगाव ढमढेरे,
१४ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप सर्जेरावदादा,

धाकट्या सोजराचा तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? दौंडला थंडी पडली असेल, तेव्हा पहाटे स्टेशनात गाड्या बघायला जाणं आता थांबवा. तुम्ही गार्डाच्या डब्यातून उतरून बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या झेंड्यावाचून रेल्वे बंद पडल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. वहिनींनी दिवाळीला पाठवलेल्या चकल्या पोचल्या. मोडल्या होत्या, पण चव शाबूत होती. माझी तब्येत रक्तदाब सोडला तर उत्तम आहे. रक्तदाबाचं कारण खाली येतंच आहे.

सगळ्यात आधी हे वाचून घ्या: तुमच्या सविताचं जमलेलं लग्न अजून मोडलेलं नाही. 'अजून' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आता पाणी प्या आणि बसून पुढचं वाचा. आणि हे पत्र एकट्यानं वाचा. चष्मा सापडत नाही म्हणून वहिनींच्या हातात देऊन मोठ्यानं वाचून घेण्याची जी तुमची सवय आहे, ती एवढ्या एका पत्रापुरती सोडा. सोपा फोन सोडून मी पत्र का लिहिते आहे, असंही तुमच्या मनात येईल. फोनवर बोलल्यामुळंच हे सगळं झालं, दादा. इथून पुढं माझ्या तोंडातून कुणाबद्दल काही निघेल तर ते पाकिटात, डिंक लावून.

सुरुवात सविताच्या चांगुलपणापासून झाली. रांजणगावच्या कंपनीत तिचा पगार वाढला तेव्हा तिनं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला, हे तुम्हाला माहीत आहे. पोर गुणी, पण फोन दिला तो गच्च भरलेला दिला. (सासरी जाताना कपाट मोकळं करून जातात, तेवढं तिला शिकवा.) रोज सकाळी डबडं उघडलं की पाटी यायची: मेमरी भरली आहे, काही गोष्टी काढून टाका. कुठल्या गोष्टी, ते सांगत नाही! मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. प्रश्न अर्धवट विचारणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं करत असे. या यंत्राला कुठं उभं करायचं? त्यात माझा शब्दकोश होता, तिथी दाखवणारं कॅलेंडर होतं, आवाज भरून ठेवायचा रेकॉर्डर होता आणि तो साप होता, जो ठिपके खात लांब लांब होतो. (साप मी फक्त वीज गेल्यावर खेळते. वीज इथं रोज जाते.) यातलं काढायचं काय? शिवाय फोन भरलेला म्हणून तुमचे निरोप आत शिरेनात. तुम्ही 'गुडघा बरा' असा निरोप तीनदा पाठवलात म्हणता. मला एकदाही मिळाला नाही आणि मी आपली तुमच्या गुडघ्याची काळजी करत बसले.

म्हणून बाजारपेठेतल्या पोपटकडे गेले. हा पोपट माझा विद्यार्थी. इंग्रजीत माझ्या कृपेनं पास झाला आणि त्याआधी दोनदा माझ्याच कृपेनं नापास. आता खतांच्या दुकानाशेजारी मोबाइलचं दुकान थाटून बसला आहे आणि जुने हिशेब चुकते करतो आहे अशी मला दाट शंका आहे. त्यानं नखाएवढं एक काळं कार्ड काढलं आणि म्हणाला, "बाई, ॲप्लिकेशनं समदी कार्डावर हलवू. फोन मोकळा होतो."

"हलवल्यावर ती कुठं असतील?"

"कार्डावर."

"आणि कार्ड कुठं असेल?"

"फोनमधी."

"मग हलली कुठं?"

पोपटनं डोकं खाजवलं. शाळेतही असंच खाजवायचा. दुकानात उभ्या असलेल्या एका टोपीवाल्यानं त्याला मदत म्हणून सांगितलं की बाई, फोन म्हणजे घर आणि कार्ड म्हणजे माळा. हे मात्र मला पटलं. आपल्या दौंडच्या क्वार्टरमध्ये माळा होता, त्यावर आईनं टाकलेली वस्तू पुन्हा कुणी पाहिली का? नाही. माळ्यावर टाकलं म्हणजे घरात आहे पण नाही. मी म्हटलं, हलव. त्यानं एकेक वस्तू हलवली, पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि मोकळ्या झालेल्या फोनमध्ये तुमचे ते तीनही गुडघे एकदम येऊन पडले.

आता दुसरा अंक. मुलाकडची बैठक आटोपून आपण वडगाव रासाईहून परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, आठवतो? कसा विसराल. आपण मनसोक्त बोललो. विहीण मुक्ताबाईंच्या पोह्यात दाणे शोधायला तुमचा जुना सिग्नलचा कंदील लागला असता, असं मी म्हटलं. चहा इतका गोड की तो पिऊन मी गोड बोलायला लागले तर घात व्हायचा, असंही म्हटलं. विहीणबाईंनी ट्रॅक्टर तीनदा दाखवला, जसा काही मुलगा म्हणून तोच पसंत करायचा होता. हे सगळं मी बोलले, कबूल. तुम्ही नेहमीप्रमाणे हं हं करत होता. मध्येच एक 'टुक' असा आवाज यायचा. थोड्या वेळानं पुन्हा टुक. मी म्हटलं, दौंडला शंटिंग चाललं असेल. तुम्ही म्हणालात, नाही गं, तुझ्या भिंतीवर पाल चुकचुकतेय, म्हणजे आपण बोलतोय ते खरं आहे. त्यानंतर आपण आणखी खरं बोललो.

ती पाल नव्हती, दादा. तो रेकॉर्डर होता. ट्रंक कॉलच्या दिवसांपासून मला फोन गच्च धरायची सवय. बाजूला एक बटण आहे ते माझ्या अंगठ्याखाली दाबलं गेलं होतं. बटण दाबलं की हा सभ्य माणूस दर थोड्या वेळानं टुक करून कळवतो की मी ऐकतोय. पोपट म्हणतो, पूर्वी फोनमध्ये जागाच नव्हती तेव्हा तो एका मिनिटात गुदमरून बंद पडला असता. पण आता घर मोकळं! त्यामुळं आपलं संपूर्ण संभाषण, माझ्या नमस्कारापासून तुमच्या जांभईपर्यंत, आत गेलं. आणि तुम्हाला ठाऊक आहे, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला इंजिनाची शिट्टी चालू असताना कविता म्हणायला लावून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक अक्षर पोचवायला शिकवलं. त्या शिक्षणाचं चीज झालं. पोपटच्या दुकानात मी 'टुक'ची तक्रार घेऊन गेले, त्यानं काहीतरी दाबलं, आणि भर दुपारी गिऱ्हाइकांच्या देखत 'त्या मुक्ताबाईंच्या पोह्यात' असं स्वच्छ, खणखणीत मराठी ऐकू यायला लागलं. तुमचं हं हं ऐकू येत नाही. सुरुवातीला फक्त एकच वाक्य ऐकू येतं, कारण ते म्हणताना तुम्ही हसायला लागलात आणि हसताना तुम्ही ओरडता: "मुलाचे कान बघितलेस का, सोजरे? एसटीला बाहेरून आरसे लावलेत जसे!"

तिथंच ते पुसून टाकायला हवं होतं. पोपट विचारतही होता, बाई, डिलीट करू का कार्डावर हलवू? पण सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं, आणि लोकांसमोर घाबरून काही पुसणं म्हणजे आपण काही वाईट बोललो असं कबूल करणं. मी ताठ मानेनं म्हटलं, "हलव माळ्यावर." माझ्या मते विषय संपला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग ते कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलंस कशाला? सांगते, आणि यात माझी चूक काय ते तुम्हीच दाखवा. शेजारच्या कुशाबाई आल्या. त्यांचा जावई म्हाळू मेंढरं घेऊन रानोमाळ असतो. त्याच्याकडे मोठ्या आवाजाचा फोन आहे पण कार्ड नाही. "बाई, तुमचं कारड द्या की दोन दिस," त्या म्हणाल्या, "गानी भरून देते त्याला. रानात करमत न्हाई." इकडं कार्ड म्हणजे पातेल्यासारखं झालंय. लग्नाला पातेलं नेतात तसं कार्ड नेतात. नाही म्हटलं तर वर्षभर तोंड फिरवून बसतात, आणि माझं दूध त्यांच्याकडून येतं. मी विचार केला: मेमरी म्हणजे आठवण. ती या फोनची आठवण आहे. माझ्या आठवणी काढून कुशाबाईंच्या डोक्यात घातल्या तर त्यांना सिस्टरांची छडी आठवेल का? नाही. मग माझ्या फोनची आठवण म्हाळूच्या फोनला कशी येईल? शिवाय मी समजत होते की हलवलेल्या वस्तूंची एक प्रत घरात राहतेच; आपण कार्बन लावून लिहायचो तशी. दिलं कार्ड.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर शब्दकोश नाही, कॅलेंडर नाही, साप नाही. जिथं ते असायचे तिथं नुसती रिकामी चौकट. मी पुन्हा पोपटकडे. तो म्हणाला, "बाई, बिऱ्हाड समदं माळ्यावर हलवलं आन् तुम्ही माळाच उसना दिला."

"पण दुसऱ्याच्या फोनात ते काय उपयोगाचं?"

"ॲप्लिकेशनं न्हाई चालायची बाई कदाचित. पण गानी, फोटू, आवाज, कुठंबी वाजतंय."

दादा, त्याच्या दुकानात एक स्टूल आहे. मी त्यावर बसले. शब्दकोश, जो कुणाच्या उपयोगी पडला असता, तो दुसऱ्याच्या फोनात मुका. आणि जे कुणी ऐकू नये ते मात्र कुठंबी वाजतंय! हे यंत्र ज्यानं केलं त्याला घरात बहीण, नणंद, विहीण असं कुणीही नसणार.

घरी आले तर कुशाबाई कुंपणाशी उभ्याच होत्या, आणि चेहऱ्यावर कौतुक. "बाई, तुमचा आवाज लई खडा वो! म्हाळू म्हनतो, रातच्याला वाड्यावर लावला की बिबट्या फिरकत न्हाई." (त्यांच्यात वाडा म्हणजे मेंढरांचा रानातला तळ.) "मेंढरं सुदिक उठून हुबी ऱ्हायली म्हनं."

"ऐकलं त्यांनी? सगळं?"

"तर! दोन येळा. म्हाळूची आई म्हनली, ह्या बाईला आपल्या पंचात बशिवली पायजे."

"कुशाबाई, कार्ड कुठं आहे आता?"

"वडगावला. मुक्ताबाईच्या रानात मेंढरं बसवल्यात न्हवं का, खताला. तिनं म्हाळूला मागितलं, जरा गानी ऐकती म्हनून. तुमच्या सवितीची व्हनारी सासू न्हवं का ती? मी म्हनलं, दे की, घरचंच मानूस हाय."

 कुशाबाईंनी माझं तोंड बघितलं आणि मला लिंबूपाणी आणून दिलं.

दादा, तुम्हाला माहीत आहे ही पोर गेलं वर्षभर कशी आहे. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळं गेली असं वहिनींचं मत आहे. (एक गेलं. दुसरं आपणहून गेलं, मी फक्त दार उघडून दिलं.) पण हा पृथ्वीराज तिनं स्वतः निवडला आहे. एकाच कंपनीच्या बसमध्ये समोरासमोर बसून दोघांनी सहा महिने फक्त खिडकीबाहेर बघितलं आणि सातव्या महिन्यात तिनं मला सांगितलं, तुम्हा दोघांच्या आधी. मला म्हणाली, "आत्या, या वेळी जरा सांभाळून बोल." मी वचन दिलं होतं. आणि मी वडगावला सांभाळूनच बोलले होते, एकही वाकडा शब्द नाही. बाकीचं सगळं घरी येऊन बोलले. सांभाळून बोलणं आणखी कसं असतं?

मी पर्स उचलली आणि न्हावऱ्याची जीप पकडली. पुढं वडगावची दुसरी जीप. दोन्ही जीपमध्ये गाणी लागली होती आणि प्रत्येक गाणं संपलं की मला वाटायचं, आता पुढचा नंबर माझाच. वाटेत ठरवलं की आत जायचं, हसायचं, गाणी आवडली का विचारायचं, कार्ड घ्यायचं, निघायचं. विहीणबाईंनी ऐकलं नसेल तर उत्तम. ऐकलं असेल तर तो आवाज माझा नाही म्हणायचं. (हे सिस्टरांच्या शिकवणीत बसत नाही, पण सिस्टरांना विहिणी नव्हत्या.)

मुक्ताबाई ओसरीवर कांदे निवडत होत्या. "या आत्याबाई, या!" म्हणाल्या. तोंडावर काहीही नाही. माणसाच्या तोंडावर इतकं काहीही नसणं मी मुख्याध्यापकांच्या बदलीच्या वेळीच पाहिलं होतं. बसायला घोंगडी टाकली. मी म्हटलं, सहज आले. त्या म्हणाल्या, "सहजच या की, घर तुमचंच." मग चहा आला. दादा, चहात साखर नव्हती. कमी नव्हे, नव्हतीच. कारल्याच्या रसासारखा तो चहा मी हसत प्यायले. मग पोहे आले. त्यात पोहे शोधावे लागत होते. बशीभर नुसते दाणे, वर शोभेला चार पोहे. मी दाणे खात राहिले. त्या बघत राहिल्या.

"गोड कमी झाला का?"

"छे, अगदी बेतशीर."

"दाणं?"

"भरपूर."

"ट्रॅक्टर दाखवीत न्हाई आज," त्या म्हणाल्या. "तुमी बघितलाय."

तेवढ्यात पृथ्वीराज आतून आला. भर दुपारी, नोव्हेंबरच्या उन्हात, त्यानं लोकरीची माकडटोपी घातली होती, हनुवटीखाली बटण लावून. नमस्कार केला, बसला, आणि कपाळावरून घाम ओघळत असताना पीकपाण्याविषयी बोलला. पोरगा सरळ आहे हो. त्या टोपीतून दोन्ही बाजूंनी जे वर आलं होतं ते मी पाहिलं नाही असं दाखवलं, आणि तुमच्यावर जेवढा राग आयुष्यात आला नव्हता तेवढा त्या क्षणी आला.

कार्ड मागायची माझी हिंमत होईना. शेवटी निघताना मुक्ताबाईंनीच कुंकवाची एक छोटी डबी माझ्या हातावर ठेवली. आत कापसावर कार्ड. "घ्या तुमचं," म्हणाल्या. "दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायची आमच्यात चाल न्हाई. आत भरलंय. घरी जाऊन निवांत ऐका."

ही चाल आपल्यातही आहे; डब्यातून भाजी आली तर डबा परत जाताना निदान चिमूटभर साखर घालावी. पण हे कार्ड पातेल्यासारखं ज्याच्या ज्याच्या घरी गेलं त्यानं त्यानं ही चाल पाळली, हे मला घरी येऊन कळलं. कुशाबाईंनी भरलेली हळदीची गाणी. म्हाळूनं काढलेले मेंढरांचे फोटो, ढीगभर, सगळे एकसारखे, आणि त्याच्या आजोबांनी म्हटलेल्या ओव्या. आणि तळाशी नवा आवाज. मी दार लावलं, खिडकी लावली, ऐकलं. जसं ऐकलं तसं लिहिते:

"आत्याबाई, मी मुक्ता बोलतीय. तुमचं समदं ऐकलं. पोह्यात दाणं न्हवतं, खरं हाय; संपल्यालं, आन् दुकानदार त्या दिशी देवाला गेल्याला. च्या गोड व्हता, कारन सोयरिकीचा च्या गोडच करत्यात. आता आमचं ऐका. तुमच्या दादांच्या घरी आलो तवा पंखा लावला, आन् वरनं येवढी धूळ पडली का बर्फीवर पिठीसाखर भुरभुरली वाटली. समद्यांनी खाल्ली, कुनी बोललं न्हाई. तुमचे दादा बैठकीत झोपले. घोरले न्हाईत, म्हनून आमच्या मान्सांनी त्यांना शहाणं म्हटलं. आन् तुमी. तुमी जेवढा येळ बोलत व्हता, त्यात माझी म्हस पिळून झाली असती. कानाचं म्हनाल, तर सवितीच्या वडलांनी टोपी काढली तवा मला वाटलं, आमच्याच भावकीतलं कोन बसलंय! आरसं तुमच्यातबी हायत. पोरगी मातूर आमाला पसंत हाय. आन् तुमीबी. लग्न झाल्यावर जे दहा वर्सांनी ऐकू येतं, ते आधीच ऐकून झालं, बरं झालं. पन पृथ्वी टोपी काढंना झालाय. जेवाय काढंना, निजाय काढंना. सविताला भेटाय जाईना, सुपारीला बसनार न्हाई म्हनतो. तर ज्यानं ही टोपी घातली त्यानंच ती येऊन काढायची. मग सुपारी."

हे झाल्यावर फोनवर पाटी आली: कार्डाची मेमरी भरली आहे, काही गोष्टी काढून टाका.

मी ते दोनदा ऐकलं. बाई सरळ बोलते. अशी बाई मला शाळेत सहकारी म्हणून मिळाली असती तर अर्धे मुख्याध्यापक आम्ही वर्षभरात निवृत्त केले असते. पण तो प्रश्न नाही. प्रश्न असा की सविता दोन दिवस मला फोन करून विचारते आहे, "आत्या, पृथ्वीराज बसमध्ये आला नाही, काही झालंय का?" आणि मी तिला सांगते आहे की थंडी वाजली असेल. हे फार काळ चालणार नाही. ती माझ्या हाताखाली शिकलेली आहे.

तेव्हा दादा, तुम्ही पत्र मिळताच वडगावला या. डोक्यावर टोपी न घालता या. मफलरही नको. पृथ्वीराजसमोर उघड्या कानांनी बसा आणि काही बोलू नका. मला वाटतं त्याला बघूनच पुरेल. मीही येते आणि मीही काही बोलणार नाही. (हसू नका.)

तुमची धाकटी बहीण,
सोजरा

ता. क. – पत्र एकट्यानं वाचा असं वर लिहिलं, त्याचं कारण असं की कानांच्या वाक्यानंतर आपण जे बोललो तेही कार्डात होतं. तुम्ही वहिनींच्या बोलण्याबद्दल, वहिनींच्या स्वयंपाकाबद्दल आणि वहिनींच्या भावाबद्दल जे बोललात ते. तेव्हाही तुम्ही हसत होता, त्यामुळं तेही स्वच्छ ऐकू येतं. माझ्या कार्डातलं मी पोपटकडून पुसून घेतलं. पण म्हाळूनं कार्ड मुक्ताबाईंना देण्याआधी ते आपल्या फोनात उतरवून घेतलं आहे, आणि तो ते पुसायला तयार नाही. त्याचं म्हणणं, बाईंचा आवाज हाय तवर कळपातलं एक कोकरू गेलं न्हाई. आता मला सांगा, यावर काय उत्तर द्यायचं?

ता. क. २ – वडगावचं रान झालं की म्हाळूची मेंढरं कवठे येमाईला बसणार होती. कुणाच्या रानात म्हणून विचारलं, तर वहिनींच्या भावाच्या. संपतरावांच्या. रात्री बिबट्यासाठी ते लावणार, आणि संपतराव तिथं खाटेवर झोपणार. म्हणून मी तुमच्या वतीनं म्हाळूला सांगून टाकलं आहे की कवठ्याला जाऊ नकोस, यंदा मेंढरं आमच्या दादांच्या लिंगाळीच्या रानात बसव, हवे तितके दिवस. तुम्हाला मेंढरं आवडत नाहीत हे मला माहीत आहे. डाळिंबांना कुंपण घालून घ्या.

ता. क. ३ – मेंढरं आज सकाळीच वडगावहून निघाली, तेव्हा हे पत्र पोचेपर्यंत पोचलेली असतील. वहिनींनी विचारलं तर खतासाठी म्हणा. फक्त संध्याकाळी त्यांना वाड्याकडे फिरकू देऊ नका. म्हाळूच्या फोनमध्ये आधी आजोबांच्या ओव्या लागतात, आणि वहिनींना ओव्या शेवटपर्यंत ऐकायची आवड आहे.